मुकादमाचं म्हणणं

न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं दार नुसतं लोटलेलं होतं, तरी मुलगी त्याच्यासमोर हात मागे घेऊन उभी राहिली. ताजीबाईंना वाटलं, आत कोणीतरी असेल. थोडा वेळ गेला. मुलगी या पायावरून त्या पायावर होत होती, पण पुढे सरकेना.

"अगं, जा ना."

"कोण उघडणार?"

"तूच. ढकल नुसतं."

ही बाई आपली थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेने मुलीने वर पाहिलं. मग एका बोटाने दार टोचलं. दार हललं, तशी ती दचकून मागे सरली.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत ही पोर आईच्या मांडीवर बसलेली ताजीबाईंनी कितीतरी वेळा पाहिली होती. तिला दार ढकलता येत नाही हे मात्र आज, सुनावणी तोंडावर आली असताना कळत होतं. आणखी काय काय आपल्याला ठाऊक नसेल?

आज ठरणार होतं ते एवढंच: मुलगी तुरुंगात आईजवळ राहणार, की बाहेर मावशीकडे जाणार. ठरवणार न्यायाधीश, पण मुलीला एकटीला खोलीत घेऊन, तिच्याच तोंडून ऐकून. आणि ही वेळ आणली होती ताजीबाईंनीच.

ताजीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वकिलांच्या खोलीत पडलेलं नाव. त्या वकिलीत उशिरा आल्या. आधी विमा कंपनीत टंकलेखन केलं, मुलगी झाली, आणि तिला झोपवता झोपवता कायद्याची पुस्तकं वाचली. घरात वकिलीचा वारसा नाही, पाठीशी कोणी नाही. मग इतरांपुढे राहायचं कसं? तर वरच्या न्यायालयांचा निकाल आला रे आला की तो पहिल्यांदा आपण वाचायचा. अटक झालेल्याला कारण कसं सांगायचं, झडतीत फोन कधी उघडायचा, तुरुंगातल्या आजाऱ्याला कोणता डॉक्टर मिळाला पाहिजे, सगळं त्यांच्या जिभेवर. महिन्यातून एकदा त्या वकिलांना जमवून घटना आणि मानवी हक्कांच्या कायद्यात नवीन काय घडलं ते सांगत. लोक डबे उघडून बसत. "आल्या ताजीबाई," सरकारी वकील म्हणत, "गरम गरम आहे तोवर वाढा. शिळं आमच्याकडे भरपूर आहे."

कोर्टात दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी घसा फोडणारी ही बाई घरी मात्र काळजीचं गाठोडं होती. चौदा वर्षांची लेक नुकती सायकलने एकटी शाळेत जाऊ लागली होती, तर पोचल्याचा फोन येईपर्यंत बाईंना घोटभर चहा जात नसे. लेक म्हणायची, "आई, एकदा मलाही न्यायाधीशांसमोर उभं कर ना. म्हणावं, हिचंही म्हणणं ऐकून घ्या." बाई हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी उभ्या.

तुरुंगातल्या या मुलीचं प्रकरण त्यांच्याकडे आलं तेव्हा तसं सरळ दिसत होतं. मुलीची आई कापडाच्या एका कोठारावर देखरेखीला होती. कोठाराला आग लागली, आत अडकलेले दोन हमाल गेले. कुलूप मालकाने लावायला सांगितलं होतं. पण किल्ली हिच्या कमरेला होती. मालक पळाला, ही सापडली. नवरा आधीच सोडून गेलेला. दोनदा जामीन फेटाळला गेला, खटला गोगलगायीच्या पावलांनी चाललेला. आत गेली तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. आता ती सहा वर्षांची होत आली होती, आणि जुना नियम सांगत होता की सहा पुरी झाली की मूल बाहेर.

मुलीला बराकीतल्या बायका मुकादम म्हणत. रोज संध्याकाळी कैद्यांना जोडीजोडीने खाली बसवून मोजतात, त्या वेळी ही इकडून तिकडे धावून बायकांना दटावायची, "तू कोणाबरोबर? सरक! जोडीने बस!" पहारेकरी बायकाही हसायच्या. आईला त्याचाच अभिमान. "बघा," ती ताजीबाईंना म्हणायची, "इथे सगळ्या तिच्या मावश्या आहेत. काय कमी आहे तिला?"

सख्खी मावशी बाहेर होती. एका धोबीखान्यात इस्त्रीचं काम करायची, एकटीच, मूलबाळ नाही. पोरीला न्यायला ती एका पायावर तयार होती, आणि आईला नेमकं तेच नको होतं.

"माय मरो आणि मावशी जगो," आई दातओठ खात म्हणाली होती. "म्हण उगाच नाही पडली, वकीलबाई. माझी बहीण लहानपणी माझी बाहुली घेऊन बसायची ती परत द्यायची नाही. एकदा पोर तिच्या हातात गेली की मी बाहेर येईन तेव्हा मलाच मावशी म्हणेल."

आणि मग तो निकाल आला. देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने सांगितलं, की नुसती तारीख उलटली म्हणून मुलाला आईपासून तोडता येणार नाही. मूल म्हणजे आईचं सामान नव्हे, तसं तुरुंगाचंही नव्हे. त्याला स्वतःचं म्हणणं असतं. ते न्यायाधीशाने समोरासमोर ऐकावं. जवळ गणवेशातलं कोणी नको, कुठल्याच बाजूचा वकील नको. ते मानलंच पाहिजे असं नाही, पण मानलं नाही तर कारणं लिहावी लागतील.

ताजीबाईंनी तो निकाल हाती पडताच अर्ज टाकला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की हा निकाल पुढच्या मुलांसाठी आहे, या मुलीचं प्रकरण आधीचं. बाई उभ्या राहिल्या. "हक्क काही निकालाच्या दिवशी जन्मला नाही, साहेब. तो होताच. त्या दिवशी न्यायालयाने फक्त त्याच्यावरचं झाकण काढलं." अर्ज मंजूर झाला. त्या महिन्याच्या बैठकीत हाच विषय होता, आणि बाईंचा चेहरा खुलला होता.

"एक शंका," सरकारी वकील घास गिळत म्हणाले. "पोराने तुमच्या अशिलाच्या उलट सांगितलं तर?"

"तर तुम्ही टाळ्या वाजवा," बाई म्हणाल्या. खोली हसली. त्याही हसल्या. घरी जाताना मात्र रस्ताभर तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. अर्ज आईचा, फी नाही पण वकीलपत्र आईचं, आणि मुलीला त्यांनी आजवर विचारलं काय होतं? तर, "काय मुकादम, जेवलीस का?" एवढंच.

आज सकाळी खाली कैद्यांच्या खोलीत आईने जाळीमागून त्यांची बोटं घट्ट धरली होती.

"तिला एक वाक्य शिकवून ठेवा. मला आईजवळ राहायचंय. बास. एवढंच म्हणायला लावा."

"तसं करता येत नाही."

"येत नाही की करायचं नाही? सगळे वकील साक्षीदारांना शिकवतात. हमालांच्या बायकांना माझ्याविरुद्ध नाही शिकवलं? तुमचंच सोवळं मोठं?" मग आवाज खाली आला. "मीच शिकवलं असतं. पण मी सांगितलं की ती माझ्या तोंडाकडे बघते, आणि मला रडू येतं. तुम्हीही आई आहात ना?"

आता मुलगी स्वच्छतागृहातून बाहेर आली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसली. पलीकडे पहारेकरी बाई होती. निकालात गणवेश नको म्हटलं होतं, म्हणून तिला घरच्या कपड्यांत पाठवलेलं. मुलीने तिला आधी ओळखलंच नव्हतं; रोज दिसणारी बाई अशी दिसू शकते याचंच तिला नवल वाटत होतं. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला मावशी भिंतीला टेकून उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीतून नव्या सँडलची टाच डोकावत होती. जवळ यायला तिला मनाई होती. ती नुसती बघत होती, आणि बघतेय हे दिसू नये म्हणून मध्येच छताकडे बघत होती.

"बाई," मुकादम म्हणाली, "मावशीकडे दिवा बंद करता येतो?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे रात्रभर चालूच असतो. मोजायला लागतं ना. आई माझ्या डोळ्यांवर हात ठेवते. मग तिला झोप लागली की हात पडतो." तिने विचारलं, "मावशीकडे कोण बंद करतं?"

"मावशीच करत असेल. बटण असतं भिंतीवर."

"मला पुरेल तिथे हात?"

ताजीबाईंची नजर तिच्या आखूड हातांकडे गेली. आत जाऊन ही काय सांगणार ते त्यांना आता पुरतं कळलं होतं, आणि खाली आई जाळीला डोळे लावून बसली होती. पहारेकरी बाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे कानही जणू खिडकीतच होते. काही शिकवायचं तर शिकवून घ्या, मी बघितलं नाही, असा त्या पाठीचा अर्थ होता. एक वाक्य. कोणाला कळणार? आईला चार रात्री झोप तरी लागेल. मुलगी लहान आहे, तिला काय कळतंय. घरी लेकीला आपण हेच तर म्हणतो.

ताजीबाई मुलीसमोर उकिडव्या बसल्या. तिच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावलं.

"हे बघ, आत साहेबांनी विचारलं ना, की..."

"सांगा," मुकादम ताठ बसली. "मी पाठ करते. माझं लगेच पाठ होतं."

पोर डोळे मोठे करून बाईंच्या ओठांकडे बघत होती. कोणी सांगेल ते म्हणायला ती अशी तयार होती, की नुसतं दार उघडायची खोटी. बाईंना एकदम भीती वाटली, आईची नाही, साहेबांची नाही, या तयारीची.

"काही नाही. तुला वाटेल ते सांग."

"म्हणजे काय?" मुकादमाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी उमटली. "मला काय वाटेल?"

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. मुलगी एकटी आत गेली. दार तिने या वेळी स्वतः ढकललं, दोन्ही हातांनी, आणि ते मागे आपटलं.

मग वाट बघणं आलं. सरकारी वकील येऊन शेजारी बसले. नेहमीचा विनोद काही त्यांना सुचला नाही. "पाणी घ्या," ते म्हणाले. बाईंनी नको म्हणून मान हलवली. आतून आवाज येत नव्हता. एकदा खुर्ची सरकल्यासारखं झालं. एकदा कोणीतरी खोकलं. मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

दोघा वकिलांना आत बोलावलं तेव्हा न्यायाधीश खुर्चीत होते, पण त्यांच्या काळ्या पँटच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. मुकादम टेबलाच्या कडेला बोट फिरवत उभी होती.

"जोडीने खाली बसल्याशिवाय बोलणार नाही म्हणाली," न्यायाधीश गुडघा चोळत म्हणाले. "आजवर मला कोणी असं मोजलं नव्हतं." हसू आलं तसंच मावळलं. "मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तिला मावशीकडे जायचंय. का, तेही तिने सांगितलं, ते मी लिहून घेतो. पण एक अट घातली. आईला विचारून. तेव्हा मॅडम, आदेश लिहिण्याआधी तिला आईकडे तुम्हीच न्या."

तुम्हीच. बाई एकेक पायरी करत जिना उतरल्या. मुलीने त्यांचं बोट धरलं होतं. हात गरम होता.

आईने दोघींकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच ओळखलं.

"शिकवलं नाहीत."

"नाही."

"मी विनवलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग माझ्या वकील कशाला झालात? तिच्या व्हायचं होतं." आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पुढच्या तारखेला उभ्या राहू नका माझ्याकडून. मी दुसरं कोणी बघेन."

"बघा," ताजीबाई म्हणाल्या. "पण आत्ता ती तुम्हाला काहीतरी विचारायला आलीय."

पहारेकरी बाईने जाळीचं दार उघडलं. मुकादम आत गेली आणि आईच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. एकदा वाटलं, विचारणारच नाही.

"जाऊ?"

आई तिच्याकडे बघत राहिली. खोलीतल्या दुसऱ्या कैदी बायकाही वळून बघू लागल्या. आईने एकदा नाही म्हटलं असतं तर पोर वर जाऊन नाही म्हणाली असती, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. आईलाही.

आईने मुलीचे खांदे धरून तिला पाठमोरी फिरवली. वेणीची रिबीन सोडली. बोटांनीच केस विंचरले, आणि पुन्हा वेणी घालायला घेतली, इतकी ओढून की मुलीच्या भुवया वर गेल्या.

"आई, दुखतंय."

"दुखू दे. तुझ्या मावशीला धड वेणी घालता येत नाही. दोन दिवस तरी टिकेल." शेवटची गाठ तिने दातांनी आवळली. "जा. आणि दर भेटीला ये. नाही आलीस तर बघ."

मग ती ताजीबाईंकडे वळली. डोळे कोरडे, आवाज धारदार.

"साहेबांना सांगा, माझी एक अट आहे. पोरीने तिला आई म्हणायचं नाही. हे लिहून द्यायला लावा. नाही लिहिलं तर मी पाठवणार नाही."

असं कलम कुठल्या कायद्यात नाही, हे ताजीबाई झोपेतही सांगू शकल्या असत्या. तरी त्या वर गेल्या आणि उभ्या राहिल्या. आधी भेटीचं मागितलं: दर आठवड्याला, जाळीतून नाही, उघड्या खोलीत, पोरीला मांडीवर बसता आलं पाहिजे. सरकारी वकील उठले, नियमात जाळी आहे म्हणाले. बाईंनी त्याच निकालातला कुटुंबाच्या हक्काचा भाग वाचला. आवाज इतका चढला की शिपाई दारातून डोकावला. ज्या अशिलाने आत्ताच काढून टाकलं होतं, तिच्यासाठी त्या कधी नव्हे इतक्या भांडल्या. न्यायाधीशांनी ते दिलं. सहा महिन्यांनी मुलीला पुन्हा ऐकू, हेही दिलं.

"आणि एक विनंती आहे," बाई म्हणाल्या, आणि अट सांगितली.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मुलाने कोणाला काय हाक मारावी हे मी आदेशात लिहू? तुम्ही लिहाल?"

"नाही, साहेब."

"मग?"

तेव्हा दारातून मावशी म्हणाली, "मी बोलू का?" तिला कोणी बोलावलेलं नव्हतं. पिशवी छातीशी धरून ती दोन पावलं आत आली. "मी सांगते ते लिहा, साहेब. आदेश नको. माझं म्हणणं म्हणून लिहा. पोर मला मावशीच म्हणेल. मी दुसरं काही म्हणू देणार नाही. ताईला... तिला सांगा, ही बाहुली नाही."

शेवटचं वाक्य न्यायाधीशांना समजलं नाही. त्यांनी ते सोडून बाकीचं शब्दन् शब्द लिहून घेतलं.

आदेशाची प्रत हातात पडेपर्यंत कैद्यांची गाडी भरली होती. मुकादम वर मावशीजवळ बसून सँडलचा पट्टा लावायला शिकत होती. ताजीबाई जिना धावत उतरल्या, गाऊन खांद्यावरून घसरत होता. गाडीच्या मागच्या जाळीशी आई बसली होती, तोंड दुसरीकडे.

"लिहिलंय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "ऐका."

आईने तोंड वळवलं नाही. बाईंनी वाचलं: उघड्या खोलीत भेट, दर आठवड्याला, मग मावशीचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. वाचून झालं. इंजिन सुरू झालं होतं.

"पुन्हा वाचा," आई जाळीतून म्हणाली. "ते शेवटचं."

ताजीबाईंनी कागद पुन्हा वर धरला. गाडी हलली. त्या तिच्या बरोबरीने चालू लागल्या, मग भराभर, एका हाताने गाऊन सावरत, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून वाचत राहिल्या. आणि जाळीमागे आईचे ओठ त्यांच्या मागोमाग हलत राहिले, फाटकापर्यंत.